गाडीचा न सापडणारा बिघाड: ऑनलाइन रिपेअर डेटाबेसचे पैसे भरावेत का?

घाटवाट
मंडळी, जाणकारांना एक प्रश्न. माझ्याकडे २०१३ ची १.५ लिटर डिझेल सेडान आहे, एक लाख चाळीस हजार किमी झालेत. सपाटीवर काडीची तक्रार नाही. घाटात मात्र तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की चेक इंजिनचा दिवा लागतो, पिकअप बसतो आणि गाडी चाळीसच्या वर जायचं नाव घेत नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली की पुन्हा ठणठणीत. परवा चिपळूणहून कराडला येताना पोफळी सोडली आणि कुंभार्लीच्या पहिल्याच वळणांत हा प्रकार झाला. मागे एसटी, गाडीत आईवडील. घामच फुटला.

कोड येतो पी००८७, म्हणजे फ्युएल रेल प्रेशर (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या नळीतला दाब) कमी. गॅरेजने (नाव घेत नाही) आधी डिझेल फिल्टर बदलला, मग रेल प्रेशर सेन्सर बदलला. कोड पुसतात, घाट आला की परत येतो. आता म्हणतात हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर बदलू. अंदाज पाऊण लाखाच्या पुढे. गाडीची आजची किंमत काढली तर रडू येईल.

मुलगा म्हणतो, ऑलडेटा, आयडेंटिफिक्स असले डेटाबेस असतात. गाडी आणि कोड टाकला की आजवर कुणाला काय सापडलं ते दिसतं. पैसे भरून सदस्य व्हावं लागतं. कुणी वापरलंय का? आपल्याकडच्या गाड्यांना त्याचा उपयोग होतो का?

स्पॅनर_१०_१२
पहिल्या बाकावर जागा धरून ठेवतो. आमच्याकडेही एक डिझेल आहे.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत मी हे बरंच वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑलडेटा आणि मिचेलच्या प्रोडिमांडमध्ये मुळात कंपनीची माहिती असते: वायरिंग डायग्राम, टॉर्कचे आकडे, कुठला कनेक्टर कुठे, कोड आल्यावर कोणत्या क्रमाने काय तपासायचं. आयडेंटिफिक्सची मूळ ओळख म्हणजे मेकॅनिक लोकांची हॉटलाइन. गॅरेजवाले अडले की फोन करायचे, उत्तरं नोंदली जायची, आणि त्यातून अमुक गाडी, अमुक लक्षण, इतक्या जणांना या दुरुस्तीने गुण आला अशी यादी तयार झाली. आयएटीएन म्हणून फक्त व्यावसायिक मेकॅनिकांचं एक जाळं आहे, ते १९९५ पासून चालू आहे.

फुकटातही बरंच मिळतं. इथल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर यातलं एखादं डेटाबेस घरबसल्या उघडता येतं. शिवाय कंपनी डीलरला जी तांत्रिक पत्रकं पाठवते ती इथल्या सरकारी वाहन सुरक्षा खात्याकडे जमा करावी लागतात, आणि ती त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येतात. माझ्या गाडीचा एक खडखडाट तसल्याच पत्रकातून सुटला. डीलर 'नॉर्मल आहे' म्हणत होता, मी पत्रकाचा नंबर सांगितल्यावर गप्प बसला.

पण घाटवाट, तुमच्या गाडीसाठी अमेरिकन डेटाबेसचे पैसे भरू नका. तुमच्यासारखी १.५ लिटर डिझेल सेडान इकडे विकलीच गेली नाही. गाडीचं नावच यादीत सापडणार नाही.

साधा_माणूस
आमचे वडील अँबॅसॅडर चालवायचे. मेस्त्री बॉनेट उघडायचा, कान लावायचा, एक शिवी हासडायचा आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. झालं. आता मेकॅनिक राहिले नाहीत, पार्ट बदलणारे राहिलेत. डेटाबेस आला म्हणजे तर डोकं वापरायचं कारणच संपलं.

अनघा_म
साधा_माणूस, कानाला चौदाशे बारचा दाब ऐकू येत नाही हो. अँबॅसॅडरमध्ये कानाने ओळखण्यासारखं होतं, म्हणून मेस्त्री कानाने ओळखायचा. कॉमन रेलमध्ये पंप डिझेल प्रचंड दाबाने एका नळीत भरून ठेवतो आणि इंजेक्टर मिलिसेकंदाच्या हिशोबात उघडतात. यात कुठे काय कमी पडतंय ते आकड्यांवरूनच कळणार.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाली. आमच्या धंद्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की अलार्म म्हणजे निदान नव्हे. पी००८७ चा अर्थ इतकाच, की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा सेन्सरला दिसला नाही. पंप खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. टाकीतल्या जाळीपासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत कुठेही गडबड असली तरी हाच कोड. वायर लूज असली तरी हाच.

अजून एक. पी नंतर शून्य असलेले कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात. पी नंतर १ असेल तर बहुतेक वेळा तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो, आणि तोच आकडा दुसऱ्या कंपनीत भलताच अर्थ सांगतो. नेटवर शोधताना लोक इथे हमखास फसतात.

घाटवाट, गॅरेजने फ्रीझ फ्रेम बघितली का? कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान ईसीयू साठवून ठेवतो. कोड पुसला की ते पण पुसलं जातं. दर वेळी आधी कोड पुसणाऱ्या गॅरेजवर माझा तरी विश्वास बसत नाही.

काळी_पिवळी
मी चॅटबॉटला विचारलं. त्याने दहा कारणं दिली, वर 'व्यावसायिकाचा सल्ला घ्या' पण सांगितलं. मग माझ्याच गाडीच्या फ्यूजबद्दल विचारलं तर जो नंबर दिला तो फ्यूज बॉक्समध्ये अस्तित्वातच नाही. आत्मविश्वास मात्र आमच्या साडूसारखा.

स्पॅनर_१०_१२
साडू या धाग्यावर नाहीत ना?

काळी_पिवळी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

म्युनिकर
घाटवाट, १.५ डिझेल, २०१३, आणि बॉनेटखाली डिझेलच्या लाईनवर काळा रबरी फुगा आहे का, हाताने दाबायचा? असेल तर ते बहुधा रेनॉचं के९के इंजिन. आणि मग न्यूजर्सीकरांचं म्हणणं अमेरिकेपुरतं खरं, पण युरोपात तुमच्या इंजिनाचे शेकड्यांनी नातेवाईक आहेत.

हे इंजिन २००१ पासून बनतंय. भारतात लोगन, व्हेरिटो, डस्टर, सनी, मायक्रा यांत होतं. इकडे क्लिओ, मेगान, कांगू, डाचियाच्या गाड्या, निसानची कश्काय यांत आलं. सुझुकीच्या जिम्नीत होतं, आणि मर्सिडीजच्या ए-क्लासमध्येसुद्धा. म्हणून शोधताना गाडीचं नाव टाकू नका, इंजिनचा कोड टाका. भारतीय गाडीचं नाव टाकून दोन धागे मिळतील, के९के आणि पी००८७ टाकलं तर वाचून दमाल. बरेचसे फ्रेंच आणि रोमानियन भाषेत असतील, पण ब्राउझरचं भाषांतर कामापुरतं चालतं.

पण सावध. के९के म्हणजे एकच इंजिन नाही. के९के पुढे तीन आकडे असतात, त्यावरून इंजेक्शन सिस्टिम ठरते. काहींना डेल्फीची आहे, काहींना सीमेन्सची, जी नंतर कॉन्टिनेंटलकडे गेली. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला तर पैसे पाण्यात. आरसी बुकात हे तीन आकडे मिळतीलच असं नाही, इंजिन ब्लॉकवरची पट्टी बघा.

आणि सदस्यत्वाबद्दल: इकडे कंपनीच्याच साइटवर एका तासाचे पैसे भरून आत जाता येतं. २००७ पासूनच्या युरोपीय नियमांमुळे बाहेरच्या गॅरेजलाही दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मी आधी काय काय हवं त्याची यादी करतो, मग तास विकत घेतो, आणि त्या तासात सगळं छापून घेतो.

बाबा_डिझेल
एका तासाचे पैसे! आमच्याकडे डीलरच्या काउंटरवर तासभर उभं राहिलं तर चहा पण विचारत नाहीत.

विधिज्ञ_नाशिक
अवांतर, पण संबंधित. आपल्याकडेही हा विषय गाजला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं. मग डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं पण आहेत. मी तिथे जाऊन बघितलं. वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरचे पत्ते वगैरे ठीक आहे, वायरिंग डायग्रामच्या अपेक्षेने जाऊ नका.

उद्यमनगरी
नमस्कार. कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज आहे, डिझेलचीच कामं जास्त. सगळं वाचलं. आता जरा आमचं ऐका.

मी एका युरोपियन डेटाबेसचा सदस्य आहे. पैसे वसूल होतात, पण कशात, ते सांगतो. वायरिंग डायग्राममध्ये होतात. कुठल्या पिनवर किती व्होल्ट पाहिजे, रेलचा दाब आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) किती हवा, कुठला बोल्ट एकदाच वापरायचा, यात होतात. 'बहुतेकांना या पार्टने गुण आला' ही यादी मी सगळ्यात शेवटी बघतो.

का? त्या यादीत शेवटी बदललेल्या पार्टला श्रेय मिळतं. समजा लाईनचा एक कनेक्टर हवा धरतोय. मेकॅनिकने पंप बदलला. पंप बदलताना सगळ्या लाईनी सुटल्या, सील नवे पडले, एअर काढली. गाडी बरी झाली. डेटाबेसमध्ये नोंद काय पडणार? 'पंप बदलला, बिघाड गेला.' अशा पन्नास नोंदी झाल्या की एक्कावन्नावा माणूस डोळे झाकून पंप लिहून देतो. तुमच्या गॅरेजवाल्याने काय वाचलं मला माहीत नाही, पण वास तोच येतोय.

आता पंप आणि चार इंजेक्टर बदलायच्या आधी करायची कामं. स्कॅनरवर लाईव्ह डेटात मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी लावून गाडी चढावर न्यायची. फरक हळूहळू पडतो की एकदम, ते बघायचं. मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून चार बाटल्यांत सोडायच्या. आम्ही सलाईनच्या नळ्या वापरतो, मेडिकलमध्ये मिळतात. इंजिन गरम करून आयडलला चालू ठेवायचं. चारही बाटल्या सारख्या आणि बेताच्याच भरल्या तर इंजेक्टर ठीक. एक बाटली भसाभसा भरली तर त्या इंजेक्टरमधून दाब गळतोय, तेवढा एकच काढून मायकोच्या सेंटरला तपासून घ्यायचा. (कंपनीची पाटी २००८ मध्ये बॉश झाली, पण आमच्या तोंडातून मायको जात नाही. आणि डेल्फी सिस्टिम असेल तर डेल्फीचं सेंटर बघा.)

एक हात जोडून विनंती. हाय प्रेशरची लाईन चालू इंजिनवर सैल करून बघू नका. जुन्या पंपावर चालायचं ते, कॉमन रेलवर नाही. ती धार कातडीतून आत जाते, बोटं जातात. रिटर्नची लाईन वेगळी, तिला फारसा दाब नसतो.

साधा_माणूस
सलाईनच्या नळ्या! बघा, शेवटी जुगाडच.

उद्यमनगरी
जुगाड नाही दादा. परीक्षा तीच, फक्त कंपनीचा किट महाग आहे.

अनघा_म
शेवटच्या पार्टला श्रेय, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आकडेवारीत किती जणांनी केलं ते येतं, त्यांनी त्याआधी काय मोजलं ते येत नाही. शिवाय गुण आला नाही असे लोक नोंद करायला परत येतच नाहीत.

स्पॅनर_१०_१२
अनघाताई, गुण आलेले पण येत नाहीत. प्रत्येक फोरमवर शेवटची ओळ: 'प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला, सगळ्यांचे आभार.' अरे पण कसा? कुणाला शिव्या द्यायच्या तेच कळत नाही. घाटवाट, तुम्ही गायब झालात तर कराडला येऊन शोधेन.

मृण्मयी_ठाणे
आमच्या गाडीला तीन सर्व्हिसमध्ये वेगवेगळे कोड येत होते, एकदा एबीएस, एकदा एअरबॅग. शेवटी उंदराने हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडलेलं निघालं. कुठल्या डेटाबेसमध्ये उंदीर नव्हता.

बाबा_डिझेल
तंबाखूची पुडी ठेवा इंजिनात. आमच्याकडे त्यानंतर एकही उंदीर नाही.

मृण्मयी_ठाणे
ठेवली होती. पुडी पण कुरतडली.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे वायरी खारुताया खातात. एका जपानी कंपनीने तर तिखट लावलेली टेप काढली आहे वायरींना गुंडाळायला, पार्ट नंबरासकट मिळते.

काळी_पिवळी
म्हणजे कांदा-लसूण मसाला लावला तरी चालेल.

घाटवाट
गायब नाही हो, दौऱ्यावर होतो.

म्युनिकर, बरोबर ओळखलंत. काळा फुगा आहे, के९के आहे, डेल्फीची सिस्टिम आहे. इंजिन कोड टाकून शोधलं तर खरंच पूर आला. एका फ्रेंच फोरमवर माझंच लक्षण सापडलं. त्याने पंप बदलला. दुसऱ्याने सेन्सर बदलला. तिसरा 'सॉल्व्ह झालं, मर्सी' म्हणून निघून गेला. स्पॅनर, तुमची आठवण झाली.

अनघाताई, फ्रीझ फ्रेम गॅरेजने दाखवली नाही. मी गाडीला जोडून फोनवर कोड वाचायचा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणून स्वतः काढली: २२०० आरपीएम, इंजिन गरम, लोड जवळजवळ पूर्ण. नवीन काहीच नाही, घाटच तो. डोंगलवर मागितलेला दाब दिसत नाही, फक्त मिळालेला दिसतो.

अनघा_म
स्वस्त डोंगलमध्ये बहुधा ईएलएम ३२७ या चिपची नक्कल असते. मूळ चिपच्या काही कमांड तिला समजत नाहीत. कोड वाचायला ठीक. पण ॲपही बघा, साधं ॲप फक्त सर्वसाधारण ओबीडीचे (सगळ्या गाड्यांना समान असलेल्या निदान यंत्रणेचे) आकडे दाखवतं, कंपनीचे खास नाही.

उद्यमनगरी
घाटवाट साहेब, तीन प्रश्नांची उत्तरं द्या, स्कॅनर बाजूला ठेवा.
बिघाड होतो तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?
रात्री गाडी तोंड चढाकडे करून लावली तर सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट घेते का?
आणि हे सगळं फिल्टर बदलायच्या आधीपासून आहे की जास्त झालंय नंतर?

घाटवाट
डिझेल: आता विचार केला तर प्रत्येक वेळी पाव टाकी किंवा कमीच होतं. कोकणातून येताना वर येऊन भरू म्हणतो. चढावर लावली तर: घरापुढे चढच आहे, सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. मला वाटलं बॅटरी. फिल्टर: आधी महिन्यातून एखादा झटका, नंतर जवळजवळ प्रत्येक घाटात.

उद्यमनगरी
मग पंपाला हात लावू देऊ नका.

तुमच्या सिस्टिममध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, म्हणून तर हाताचा फुगा दिलाय. पुढचा पंपच डिझेल टाकीतून ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढीखाली असते. तिथे सील दबलं असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही, कुणाला संशय येत नाही. आता चढाचं बघा. नाक वर, टाकी मागे, म्हणजे डिझेल आणखी खालून उचलायचं. त्यात टाकी रिकामी. त्यात तिसऱ्या गिअरला पूर्ण मागणी. तिन्ही एकत्र आलं की ओढ वाढते आणि हवा शिरते. चावी बंद करून थांबलात की हवा वर जाते, गाडी परत ठीक. रात्री चढावर लावली की डिझेल मागे टाकीत उतरतं, सकाळी सेल्फ.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक पाईप टाका, डिझेलला चालणारा, क्लिपा घट्ट. गाडी चालू करून आरपीएम वाढवा आणि बघत बसा. बुडबुडे दिसले तर फिल्टरवरचे क्लिकचे कनेक्टर आणि त्यातले ओ-रिंग (गोल रबरी सील) बघा. फिल्टर बदलताना तेच सुटतात.

म्युनिकर
उद्यमनगरी, टोपी काढली. कंपनीच्या साइटवर पी००८७ ची जी पायरीवार तपासणी आहे, त्यात लो प्रेशर लाईनमधली हवा तपासायची पायरी आहे. फक्त चढ आणि टाकीचा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

बाबा_डिझेल
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). ट्रॅक्टरला हेच होतं, एअर धरली की चढाला बंद. इतकी वर्षं बघतोय, पण कारमध्ये पण असेल हे सुचलं नाही.

घाटवाट
मंडळी, हजर. आणि 'कसा' ते पण सांगतो.

गावातल्या ट्रॅक्टरच्या फिटरकडे गेलो. पारदर्शक पाईप टाकला. आयडलला स्वच्छ डिझेल. मी म्हटलं संपलं, गेला तर्क. फिटरने गाडी पुढची चाकं रॅम्पवर चढवून उभी केली आणि रेस दिली. आधी एक टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा सरकला, मग दोन, मग माळच लागली. फिल्टरकडे येणाऱ्या लाईनचा क्लिक कनेक्टर काढला तर ओ-रिंग एका बाजूने दुमडून कापलेली. मोजून एक मिलिमीटरचा काप असेल. ओ-रिंग वीस रुपये, फिटरने मजुरी दोनशे घेतली आणि चहा पाजला.

सलाईनच्या नळ्यांची टेस्टही करून घेतली. तीन बाटल्या सारख्या, दुसऱ्या नंबरची थोडी जास्त. फिटर म्हणाला आत्ता राहू दे, पुढच्या वर्षी बघू. रविवारी पाव टाकीवर मुद्दाम कुंभार्ली चढून आलो. दिवा नाही. सकाळचा सेल्फही पहिल्या फटक्यात.

आधीच्या गॅरेजला फोटो पाठवला. सेन्सरचे पैसे परत मिळणार नाहीत, 'तो पण जुनाच झाला होता' म्हणाले.

साधा_माणूस
म्हणजे शेवटी मेस्त्रीनेच पकडलं ना? डेटाबेसने नाही.

उद्यमनगरी
घाटवाटांच्या गाडीत टाकीला पंप आहे की नाही हे मी डेटाबेसच्या डायग्राममध्येच बघून सांगितलं, साहेब. सगळ्या के९के कुणाच्या पाठ नसतात. टाकीत पंप असता तर लाईन दाबाखाली राहिली असती, हवा शिरायच्या ऐवजी डिझेल बाहेर आलं असतं, आणि माझा सगळा तर्क उलटा पडला असता.

अनघा_म
घाटवाट, तुमचा मूळ प्रश्न पैशाचा होता. एका गाडीसाठी वर्षाचं सदस्यत्व घेऊ नका. इंजिन कोड घेऊन फुकटचं वाचा, डायग्राम हवाच असेल तर एक दिवसाचा किंवा तासाचा पर्याय शोधा. आणि युरोपातल्या फोरमवर ओ-रिंगची नोंद करून या, फोटोसकट.

घाटवाट
केली. फ्रेंचमध्ये. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं, 'आम्ही पंप बदलला होता.'

तिकोना_बॉय
छान धागा. माझ्या पेट्रोल गाडीला पी०४२० येतोय, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय. सर्व्हिस सेंटर म्हणतं तो बदला. डेटाबेसमध्ये पण सगळे तेच म्हणतात. काय करू?

उद्यमनगरी
वेगळा धागा काढा. आणि काढायच्या आधी थंड इंजिनवर गाडी चालू करून कुणाला तरी सायलेन्सरचं तोंड क्षणभर जाड फडक्याने दाबायला सांगा, तुम्ही पुढे एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे) फुसफुस ऐका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं बोलतो. काय ऐकू आलं ते नव्या धाग्यात लिहा.

साधा_माणूस
कानाने ना? बरं.

स्पॅनर_१०_१२
नव्या धाग्यावर पहिल्या बाकावर जागा धरली आहे.